तांबडी, पिवळी आणि तिसरी

माझ्या बायकोने एकदा जाहीर केलं, की यापुढे या घरात एक तर त्या दोघी गातील, नाहीतर मी गाईन. हे तिने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण तिने ते दारात उभं राहून, भाजीवालीशी बोलता बोलता, अंगणवाडीतल्या पोरांना हाका मारायच्या आवाजात सांगितलं. संध्याकाळपर्यंत आमच्या अर्ध्या धाड गावाला कळलं की मोटारवाल्याच्या घरात दोघी आहेत. दुसऱ्या दिवशी विहिरीवरची जळलेली मोटार घेऊन आलेल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याने दुकानात डोकावून, आवाज बारीक करून विचारलं, "भाऊ, दोघी? या वयात?"

"हाव," मी म्हणालो. "एक तांबडी हाय, एक पिवळी."

तो मोटार तिथेच टाकून निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही.

तर तांबडी आणि पिवळी या माझ्या इलेक्ट्रिक गिटारी. मी दिवसभर मोटारींत तांब्याची तार भरतो आणि संध्याकाळी तारा छेडतो, म्हणजे माझं सगळं आयुष्य तारेवर चाललंय असं मी कुणी न विचारताही सांगत असतो. आमची एक गाण्याची पार्टी आहे. बायको गाते. गुरुजी पेटी वाजवतात. ते शाळेतून निवृत्त झाले पण गुरुजीपणातून अजून झालेले नाहीत, आणि आमची निम्मी गाणी त्यांनीच लिहिलेली आहेत. ढोलकीवर काका असतात. ते माझे कुणी सख्खे काका नव्हेत, गावाचे काका. त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे आणि आठवडी बाजारात बैल पारखायला लोक त्यांना हाताला धरून नेतात. जयंती असो, बारसं असो, घरभरणी असो, बोलावणं आलं की आम्ही चौघं जीपमध्ये बसून निघतो.

तांबडी माझ्या लग्नाच्या आधीची. अकोल्यात एक ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा तिथून मी तिला गोधडीत गुंडाळून एसटीने आणली. मांडीवर आडवी घेतलेली, तोंड तेवढं बाहेर. कंडक्टरने तिकीट फाडता फाडता विचारलं, "लेकरू आजारी हाय का?" मी मान हलवली. त्याने बिचाऱ्याने पुढची सीट रिकामी करून दिली आणि घाटभर मागे वळून बघत राहिला, की हे लेकरू रडत कसं नाही. पुढे तिची मान तडकली, ती मी पाण्याच्या पाइपाला लावतात त्या लुकणाने बुजवली. अजून टिकून आहे.

पिवळी मुळात पांढरी होती. जालन्याच्या भंगारवाल्याकडे तिची नुसती हाडं पडलेली होती. आवाज पकडणारी जी गुंडाळी असते, ती मी जुन्या स्टॅबिलायझरच्या रिलेमधली केसासारखी तार काढून स्वतः भरली. आवाजाची खुंटी पंख्याच्या रेग्युलेटरची बसवली, म्हणून तिच्यावर पाच आकडे आहेत आणि पाचावर ठेवली तरी वारा येत नाही, हा विनोद मी प्रत्येक कार्यक्रमात करतो. तिला पहिल्यांदा आवाज फुटला त्या दिवशी मी दुकानाचं शटर अर्धं ओढून नाचलो होतो. म्हणजे तांबडी मी आणलेली आणि पिवळी मी जन्माला घातलेली. आता अशा दोघींना बाहेर काढा म्हणणं सोपं आहे का?

पण बायकोचंही खोटं नव्हतं. दोघींना एक खोड होती. डब्याला, म्हणजे अॅम्प्लिफायरला जोडल्या की त्या घुंगायच्या. मोठा भुंगा मटक्यात कोंडावा तसं एक संथ, जाड घूं सुरू व्हायचं आणि कार्यक्रम संपेपर्यंत थांबायचं नाही. मी अर्थिंगसाठी मंडपाच्या मागे लोखंडी सळई ठोकायचो, तिच्या मुळाशी मिठाचं पाणी ओतायचो, वायरी उलट्यापालट्या करायचो. "तुम्ही गावाच्या मोटारी नीट करता," बायको म्हणायची, "आन् घरची भुणभुण काऊन बंद होत नाही?" एकच उपाय लागू पडायचा. तारांवर माझा हात असेपर्यंत घूं दबून राहायचं, हात काढला की उसळायचं. त्यामुळे गेली कित्येक वर्षं स्टेजवर मला नाक खाजवता आलेलं नाही. एकदा माझ्या कानावर टोळ येऊन बसला होता. तो अख्खं गाणं बसून ऐकून गेला.

मग वरवट बकालचा कार्यक्रम झाला. बारसं होतं. गुरुजींनी लिहिलेला पाळणा बायकोने म्हटला. त्या पाळण्याचं तिसरं कडवं अगदी हळू म्हणायचं असतं, आई बाळाच्या कानाशी बोलते तसं. गाणं संपल्यावर एक म्हातारी स्टेजपाशी आली, तिने बायकोचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "लय गोड म्हनलं वं माय. पन मधात ते जातं कोन दळून राह्यलं होतं?"

बायको हसली. तिथे हसली. परतीच्या जीपमध्ये खामगाव सोडून आम्ही घाट चढलो तरी ती बोलली नाही. तिने बोलणं बंद केलं की काका ढोलकीची दोरी कसू लागतात आणि गुरुजी झोपेचं सोंग घेतात. शेवटी तीच म्हणाली, "हळू म्हनाचं ते कोनाले ऐकूच येत नसंल, तं म्या म्हनाचं कशाले?" तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती दारातली घोषणा. जयंती तोंडावर आलेली. बुलढाण्याच्या एका दुकानात "जुनं वाद्य द्या, नवं घ्या" अशी पाटी लागल्याची बातमी गुरुजींनी आणली होती. दोन्ही जुन्या दिल्या आणि वर थोडे टाकले, तर घुंगत नाही अशी नवीकोरी गिटार मिळत होती. वर किती टाकायचे ते बायकोने ठरवून टाकलं होतं आणि त्यावर चर्चा बंद होती. चर्चा फक्त माझ्या हो-नाहीची होती. गिटार आली नाही तर जयंतीला मी गाणार नाही, असं तिने सांगितलं आणि मेथी निवडायला बसली. तिच्याशिवाय आमची पार्टी म्हणजे एक पेटी, एक ढोलकी आणि एक जातं.

मी सगळे डाव खेळून पाहिले. दोघींना नारळाच्या तेलाने पुसून ओसरीवर उन्हात मांडलं, म्हणजे जाता-येता तिला दया येईल. ती म्हणाली, "तेल वाया घालू नका." मी तांबडीवर तिच्या आवडीची चाल वाजवली. ती कुकरची शिट्टी मोजत राहिली. मग मी न जेवता उठायचं ठरवलं, पण त्या दिवशी वांग्याची भाजी आणि भाकरी होती, तेव्हा तो डाव पुढे ढकलला.

"नुसतं पाहून येऊ," शेवटी मी म्हणालो. "पाहाले काय लागते?"

पाहायला म्हणून आम्ही चौघं निघालो. जीपमध्ये गोधडीत गुंडाळलेली तांबडी माझ्या मांडीवर, पिवळी बायकोच्या. गुरुजींनी पेटी टपावर द्यायला साफ नकार दिला आणि ती छातीशी धरून बसले. "खरेदीला पेटी कशाला गुरुजी?" मी विचारलं. "सूर तपासून घ्यावा लागतो," ते म्हणाले. "दुकानदाराच्या मशिनीवर माझा विश्वास नाही." काकांनी ढोलकी आणली नव्हती, पण बैलबाजाराला जाताना घालतात तो फेटा बांधला होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

दुकान छोटं होतं. भिंतीवर गिटारी ओळीने टांगलेल्या, त्यातली एक निळी, आमच्यासाठी काढून ठेवलेली. दुकानदार तरुण, चटपटीत, मराठीत हिंदीचा तडका देऊन बोलणारा. "देखिए दादा, एकदम मख्खन. हातात घ्या."

मी हात पुढे केला, तेवढ्यात काका मध्ये आले. "थांब. पयले मले पाहू दे."

काकांनी निळीला हातात घेतलं. पाठीवरून तळवा फिरवला. खालून बोटांनी टकटक केली आणि कान लावला. मान धरून डोळ्यांसमोर आडवी केली आणि एक डोळा मिटून ती सरळ आहे का ते पाहिलं. खुंट्या एकेक हलवून पाहिल्या, दात हलतात का बघावं तसं. 

"वय काय?" काकांनी विचारलं.

"नवीन आहे काका. बॉक्स पॅक."

"म्हंजे अजून कामाले जुतलीच नाही." काका माझ्याकडे वळले. "चालवून दाखव."

"वाजवून?"

"चालवून. गळ्यात घाल आन् चाल."

मी निळी गळ्यात अडकवली आणि दुकानाच्या दारापासून आतल्या भिंतीपर्यंत चाललो. काकांनी परत फिरवलं. पुन्हा चाललो. "जरा जोरात," ते म्हणाले. मग मी, आता आपण चालतोच आहोत तर नीट चालावं म्हणून, मान डोलावत, खूर आपटत एक फेरी मारली. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघू लागली. "वजन पाठीवर येत नाही," काकांनी निकाल दिला. "चाल बरी हाय. आता कामाले लावून पाहू."

दुकानदाराने निळी डब्याला जोडली, बटण दाबलं आणि बाजूला झाला.

आम्ही वाट बघत उभे राहिलो.

गुरुजी पेटीचा भाता धरून. काका मांडीवर बोटं टेकवून. बायको कानावर हात ठेवून, तोंड किंचित उघडून, ती गाण्याआधी उभी राहते तशी. मी तारांवर हात ठेवून. कुणीच सुरू करेना. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती.

"वाजवा ना दादा," दुकानदार म्हणाला.

"आधी चालू तं कर," काका म्हणाले.

"चालूच आहे."

"चालू हाय तं बोलून काऊन नाही राह्यली?"

दुकानदाराने बटणाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि स्वतः एक तार छेडली. टण्ण करून स्वच्छ आवाज घुमला आणि विरला. पुन्हा शांतता. बायको अजून तशीच उभी.

"म्हन ना वं," मी म्हणालो.

"सूर द्या ना वो."

मी तार वाजवली.

"तो नाही. आपला."

"आपला कोनता?"

"अवो आपला, नेहमीचा!" ती वैतागली. मग तिलाच काय हवंय ते सांगता येईना, म्हणून तिने ओठ मिटून करून दाखवलं. घूं.

गुरुजींचं बोट पट्ट्यांवरून हळूहळू सरकत गेलं आणि एका ठिकाणी थांबलं. पाचवी पांढरी पट्टी, म्हणजे पांढरी पाच. त्यांनी तो सूर धरून ठेवला, मान तिरपी केली आणि म्हणाले, "किंचित चढा आहे." मग चष्मा काढला. "ताई, हा आपला सूर नाही. हा करंटचा सूर आहे."

विजेचं घुंगणं देशभर साधारण एकाच सुरात असतं, हे मी मोटारवाला असून माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. मोटार घुंगते, ट्रान्सफॉर्मर घुंगतो आणि माझ्या दोन्ही गिटारी घुंगतात तो एकच सूर. इतकी वर्षं माझी बायको कानावर हात ठेवून तो सूर पकडायची आणि त्यावर उभी राहून गायची. आम्ही सगळे तोच धरायचो. आणि कुणाला ठाऊकच नव्हतं.

खात्री करायला मी तांबडी जोडली. घूं सुरू झालं आणि दुकानदार काही बोलायच्या आत बायकोने गाणं सुरू केलं, काकांनी काउंटरवर ठेका धरला, सगळं कसं सुरळीत. तांबडी काढून निळी लावली, सगळे गप्प. पुन्हा तांबडी, पुन्हा गाणं. दुकानदार खाली बसला.

तेवढ्यात गुरुजी उठले. एवढ्या जोरात, की पेटी मांडीवरून घसरली आणि काकांनी झेलली. "म्हणजे दुसरबीडला माझी पेटी बिघडलेली नव्हती!"

दुसरबीडचं असं झालं होतं. कार्यक्रम ऐन रंगात आला असताना लाइट गेली आणि जनरेटर लावला. तो जनरेटर जुना, त्यावर मंडपभर ट्युबा आणि दोन कूलर. त्याला धाप लागली, की घूं खाली उतरायचं. घूं उतरलं, की बायकोचा आवाज उतरायचा, तिच्यामागे आम्ही कोरसवाले उतरायचो, आणि मी दोन कडव्यांच्या मध्ये खुंट्या सैल करून त्यांच्यामागे जायचो. सगळी पार्टी एकदिलाने डिझेलवर चाललेली. जागेवर राहिली ती एकटी पेटी. त्यामुळे चूक फक्त गुरुजी करत आहेत असं अख्ख्या दुसरबीडला वाटलं. कुणीतरी मागून ओरडलंही, "मास्तर, झोपले का?" घरी आल्यावर गुरुजींनी पेटी उघडून तिचा एकेक स्वर साफ केला होता, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते स्वतःच्या कानांवर संशय घेत होते.

"मी बरोबर होतो," गुरुजी दुकानदाराला सांगत होते. "मी एकटा बरोबर होतो. तुम्ही साक्षीदार आहात."

"होय सर," दुकानदार म्हणाला. दुसरबीड कुठे आहे हेही त्याला ठाऊक नसावं.

आणि मी? मला तर वकिलाला मेलेला साक्षीदार जिवंत सापडावा तसं झालं. मी दुकानाच्या मधोमध उभा राहिलो. एका हातात तांबडी, एका हातात पिवळी. "ऐका," मी म्हणालो. "यांना जातं म्हणाले लोक. भुंगा म्हणाले. माझ्या घरच्या माणसांनी यांना सवत म्हटलं."

"म्या नाही म्हनलं सवत," बायको म्हणाली.

"मनात म्हटलं. पण या होत्या कोण? या तानपुरे होत्या! इतकी वर्षं तुला मुकाट्यानं सूर देत उभ्या होत्या. त्यांना तू या निळीच्या बदल्यात देणार? जिला सुरुवात कुठून करायची ते सांगता येत नाही?"

रस्त्यावर थांबलेल्या दोघांपैकी एकाने टाळी वाजवली. मला चेव आला. काका म्हणाले, "गोष्ट तं खरी हाय," आणि चहा सांगायला बाहेर गेले. गुरुजी अजून दुसरबीडमध्येच होते. बायको कोपऱ्यातल्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसली आणि जमिनीकडे बघत राहिली. मी जिंकलो होतो. मी तिथेच गोधडीचं टोक शोधायला लागलो, दोघींना बांधून घरी न्यायला.

चहा आला. आम्ही पीत होतो. दुकानदार काकांना विचारत होता की बैलाचे दात खरंच हलवून बघतात का, आणि काका त्याचाच जबडा धरून दाखवत होते. निळी तशीच जोडलेली, चालू, मुकी. आणि या सगळ्या गडबडीत मला कुठूनतरी पाळणा ऐकू यायला लागला.

बायको स्टुलावर बसल्या बसल्या गात होती. कुणासाठी नाही. हातात चहाचा कप, नजर कपात, बोटाने कडेवर ठेका. तिसरं कडवं, ते हळू म्हणायचं. पण हा नेहमीचा आवाज नव्हता. वरून येत होता. झाडाच्या शेंड्यावर बसलेलं पाखरू जितक्या सहज बोलतं तितक्या सहज. गळ्यावर ताण नाही, कपाळावर आठी नाही. गुरुजी दुसरबीडहून परत आले. त्यांनी पेटी ओढली आणि न बोलता पट्ट्या चाचपल्या. पांढऱ्या पाचवर ती नव्हतीच. ते वर गेले, अजून वर गेले आणि थांबले.

"काळी पाच," गुरुजी म्हणाले. "ताई, हा तुमचा."

"माह्या? एवढ्या वर?"

"तुमचाच. आजवर तुम्ही विजेच्या सुरात गायलात. ती खाली ओढत होती तुम्हाला. आता थांबू नका. पुन्हा म्हणा, पहिल्यापासून."

मी चहा ठेवला आणि निळी उचलली. पेटीतून काळी पाच घेतली, तारा जुळवल्या. बायको उभी राहिली. या वेळी तिने कानावर हात ठेवला नाही. तिने पाळणा म्हटला आणि मी फक्त जिथे लागेल तिथे एकेक तार वाजवत गेलो, आणि तार विझली की तिच्याखाली काहीच उरत नव्हतं. काहीच नाही. त्या मोकळ्या जागेत मला तिच्या बांगड्या ऐकू आल्या. तिसऱ्या कडव्याच्या आधी ती नाकाने एक लहानसा श्वास घेते, तो ऐकू आला. लग्नाला इतकी वर्षं झाली, रोज तिच्याशेजारी उभा राहून मी वाजवतो, आणि हा श्वास मला नवा होता. मग ती कुजबुजली, आणि ती कुजबुज दाराबाहेरच्या त्या दोन माणसांपर्यंत गेली, कारण त्यांच्यापैकी ज्याने माझ्या भाषणाला टाळी वाजवली होती, त्याने आता आपल्या सायकलची घंटी चुकून वाजू नये म्हणून तिच्यावर हात ठेवला.

गाणं संपलं. बायको माझ्याकडे बघत होती. ती एक शब्द बोलली असती तर मी वाद घातला असता, माझ्याजवळ अजून अर्धं भाषण शिल्लक होतं.

मी तांबडी उचलून काउंटरवर ठेवली. तिच्याशेजारी पिवळी ठेवली.

"घ्या," मी दुकानदाराला म्हणालो. "आणि पिवळीची खुंटी पाचावर ठेवू नका. तीनवर गोड वाजते."

दुकानदाराने दोघींना उचलायला हात घातला आणि काका गरजले, "थांब बे!"

आता काय राहिलं? काकांनी तांबडीच्या पट्ट्याला हात घातला, म्हणजे जो गळ्यात अडकवतात तो, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "सोड."

"काका, पट्टा ऑफरमध्ये येतो," दुकानदार म्हणाला. "वाद्य पट्ट्यासकट द्यायचं असतं."

"बैल इकला तं दावं देतात का?"

"माझ्याकडे बैल नाही हो काका."

"म्हनूनच सांगून राह्यलो. जनावर जाते, दावं जात नाही. दावं गेलं तं गोठा सुना होते. नवं दावं ज्याचं त्यानं आनाव."

आमच्याकडे बाजारात असंच करतात. जोडी विकली तरी दावं मालक सोडून घेतो आणि घरी आणून खुंटीला टांगतो. मी असल्या गोष्टी मानत नाही, गुरुजी तर चिडतात. पण पट्टे सोडताना माझा हात काही अडखळला नाही, आणि गुरुजींनी, हे मी स्वतः पाहिलं, पिवळीच्या पट्ट्याचा आवळलेला आकडा स्वतःच्या दातांनी सैल करून दिला. दुकानदाराने हात जोडले. "न्या. दोन्ही न्या. मी नवे लावतो." काकांनी जाताना दोघींच्या पायथ्याशी चहाबरोबर आलेल्या ग्लासातलं चार थेंब पाणी शिंपडलं. बायकोने तांबडीच्या मानेवरून, जिथे मी लुकण भरलं होतं तिथून, एकदा बोट फिरवलं. म्हणजे तिच्याही मनात काहीतरी होतं. मी लगेच बाहेर जीप आली का ते बघायला लागलो, कारण मला बाहेर बघायचं होतं.

परतीला निळी बायकोच्या मांडीवर होती आणि दोन्ही पट्टे माझ्या गळ्यात.

इथपर्यंत सगळं गोड. गोंधळ पुढे झाला, आणि तो आमच्यापैकी कुणी हिशेबात धरलाच नव्हता. गावातल्या बुद्धविहाराच्या मागच्या खोलीत तालमीला बसलो. बायकोने काळी पाचमध्ये पहिली ओळ म्हटली, खिडकीबाहेर शेळ्या बांधलेल्या असतात, त्यासुद्धा रवंथ करायच्या थांबल्या. मग कोरस. कोरस म्हणजे मी आणि काका. इतकी वर्षं करंटच्या सुरात आम्ही आरामात हात टेकून गात आलो होतो. आता ती जिथे गेली तिथे जायचं तर आमचा आवाज फाटायचा, आणि खालच्या सप्तकात उतरायचं तर विहिरीत पडल्यासारखं व्हायचं. काकांनी वर जायचा एक प्रामाणिक प्रयत्न केला. बाहेरच्या शेळीने त्यांना उत्तर दिलं.

गुरुजींनी पेटी बंद केली. "पुरुषांचा कोरस रद्द," ते म्हणाले.

"रद्द म्हंजे?" काका म्हणाले. "मंग म्या काय कराचं?"

"ढोलकी वाजवा."

बायकोने अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या आणि तिच्याबरोबर बचत गटात असणाऱ्या चौघीजणी आणल्या. त्या काळी पाचमध्ये अशा शिरल्या, जशा स्वतःच्या अंगणात शिरतात. त्यांतली एक गाताना मला बघून हसायची. का, ते मी विचारलं नाही.

जयंतीच्या संध्याकाळी विहारासमोर मंडप भरला. चिमणी बल्बच्या माळा, पुढे पोरंसोरं, मागे बायका, त्यांच्या मागे खुर्च्या धरून उभे पुरुष. निळी जोडली, चालू केली, आणि मंडपात शांतता. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ, लाइट गेली का?" लोकांनाही घूं ऐकल्याशिवाय कार्यक्रम सुरू झाल्यासारखं वाटत नव्हतं. बायकोने कुणाची वाट पाहिली नाही. ती गायला लागली, आणि खुर्च्या धरून उभे असलेले पुरुष एकेक करून खुर्चीत बसले.

आता खरं सांगतो. गाणं मी आयुष्यभर म्हटलंय, तोंडाला सवय आहे. तिसऱ्या गाण्याला मला राहवेना. मी कोरसमध्ये हळूच शिरलो. अगदी हळू, फक्त ओठांनी, निदान मला तसं वाटलं. बायको कडवं संपवून श्वास घ्यायला थांबली, माझ्याकडे वळली, आणि माइक तोंडासमोरून बाजूला न करता, रोज घरात म्हणते त्याच स्वरात म्हणाली,

"अवो, तुम्ही नुसतं वाजवा."

सगळ्या मंडपाने ऐकलं. शेवटच्या रांगेपर्यंत, पाण्याच्या टाकीवर चढून बसलेल्या पोरांपर्यंत, एकेक अक्षर सुटं आणि स्वच्छ. हशा उसळला, काकांनी ढोलकीवर एक जोरदार थाप दिली, आणि मी गावासमोर वाकून नमस्कार केला आणि नुसतं वाजवायला लागलो.